पिंग कोणत्या पोर्टवर चालतं? सात म्हणा आणि सुटा

लिनक्स-नेटवर्किंगच्या नोकरीसाठी तुम्हाला पहिला फोन येणार आहे? अभिनंदन! आता ताबडतोब एक करा. जे जे येतंय ते विसरायला घ्या. मी विसरलो नाही, म्हणून गेल्या मंगळवारी तेरा वर्षांचा अनुभव घेऊन अठरा मिनिटांत घरी बसलो. होतो घरीच म्हणा, मुलाखत फोनवर होती. पण बसलो.

तयारीची सुरुवात जागेपासून. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, वेळ तिच्या सोयीची असते आणि ती नेमकी आपल्या रामबागेत कचरागाडी येण्याची असते. पलीकडून एचआरच्या बाई टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धतींतला फरक विचारत होत्या आणि इकडे गाडीवरचा भोंगा गल्लीला जागं करत होता. 2017 साली स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून आमचं इंदूर त्या भोंग्यावरच उठतं. आई सुक्या कचऱ्याची बादली घेऊन दारात. "अरे, ती ओल्याची उचल ना!" एका हातात फोन, दुसऱ्यात बादली, आणि मी टीसीपीची जोडणी सुरू करणारा थ्री-वे हँडशेक समजावून सांगतोय. तेव्हा तुम्ही आधीच गच्चीवर जा. तिथे रेंज नसते, पण कधीकधी तेच बरं.

उत्तर एका ओळीत द्या. विचारणाऱ्यासमोर एक्सेलची शीट उघडी असते. त्यात दोन रकाने, प्रश्न आणि उत्तर. "ते परिस्थितीवर आहे" हे वाक्य त्यातल्या कुठल्याही चौकटीत मावत नाही.

ओएसआय या नेटवर्कच्या पुस्तकी मॉडेलचे सात थर पाठ करा, खालून वर आणि वरून खाली. आई रामरक्षा म्हणते त्याच लयीत म्हटलेत तरी चालेल. इंटरनेट प्रत्यक्षात टीसीपी-आयपीवर चालतं हे मनात ठेवा. मनातच ठेवा.

/24 आकाराच्या नेटवर्कमध्ये वापरता येण्यासारखे आयपी पत्ते किती? 254. संपलं. /31 चा विषय काढू नका, तिथे हा हिशेब लागत नाही.

रनलेव्हल, म्हणजे मशीन कोणत्या अवस्थेत चालवायचं त्याचे जुने आकडे, 0 ते 6 घोकून ठेवा. रेड हॅटने 2014 साली आपल्या सातव्या आवृत्तीत त्या जुन्या पद्धतीच्या जागी सिस्टमडी आणलं, पण शीटपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. नेटवर्क कार्डाचा पत्ता कसा बघाल, असं विचारलं तर मुकाट्याने 'आयएफकॉन्फिग' म्हणा. मी "आयपी अ‍ॅडर" म्हणालो, ती त्याच कामाची नवी कमांड. बाई म्हणाल्या, "सर, अ‍ॅड्रेस नकोय, कमांड सांगा."

आता खरा प्रश्न. पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड, आणि पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा नंबर. पिंग कोणत्या पोर्टवर चालतं?

इथे माझी पहिली चूक म्हणजे मी हसलो. वाटलं, चकवा आहे, कुणीतरी डोकं लावून काढलाय. म्हटलं, "मॅडम, पिंगला पोर्ट नसतोच. ते आयसीएमपी या निराळ्या प्रोटोकॉलवर चालतं, आणि आयसीएमपी थेट आयपीच्या पॅकेटमध्ये बसतं. पोर्ट ही टीसीपी-यूडीपीची भानगड." शांतता. मग कीबोर्डचा खडखडाट. "सर, पोर्ट नंबर?" मी पुन्हा सुरू. आयपीच्या हेडरमध्ये प्रोटोकॉल नंबर असतो, आयसीएमपीचा 1, टीसीपीचा 6, यूडीपीचा 17. "ओके सर, म्हणजे वन?" नाही हो! "सर, माझ्याकडे सेव्हन आहे."

सात. हा सात कुठून आला ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त जळतं. पोर्ट 7 हा 'एको' नावाच्या एका जुन्या, निराळ्याच सेवेचा. तिचं काम एवढंच, तुम्ही पाठवाल ते जसंच्या तसं परत करायचं. तिचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, 862 नंबरचा, मे 1983 चा. त्याच वर्षी डिसेंबरात माइक म्यूस यांनी पिंग लिहिलं, ते मात्र आयसीएमपीच्या 'एको रिक्वेस्ट'वर, आणि आयसीएमपीचा आरएफसी 792 त्याच्याही आधीचा, 1981 चा. दोन्हीकडे 'एको' हा शब्द आहे, एवढंच काय ते नातं. तेवढ्यावर कुणीतरी चहा पिता पिता चौकटीत सात टाकला आणि ती शीट या कंपनीतून त्या कंपनीत फिरतेय. कुणी उघडून बघत नाही. अरे, ट्रेसराउटचं, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने जातं ते दाखवणाऱ्या कमांडचं विचारलं असतंत तर मी ऐटीत सांगितलं असतं, लिनक्सवर यूडीपी, पोर्ट 33434 पासून पुढे. विंडोजचं आयसीएमपीवर जातं, हे वर फुकट दिलं असतं! पण नाही. सर्व्हरवरचे सगळे पोर्ट फायरवॉलने बंद केले तरी पिंगला उत्तर येऊ शकतं, आणि पिंग अडवलेलं असतानाही 443 या वेबच्या पोर्टवर साइट झकास चालू असू शकते. रात्री दोनला ज्या माणसाला हे कळायला हवं, त्याला तुम्ही 'सात' येतो का यावर निवडणार?

असो. आपण उपदेश करत होतो.

दुपारी मेल आला. मूलभूत संकल्पना कच्च्या आहेत म्हणे. संध्याकाळी भाचा आला. भंवरकुव्याला कोचिंगला जातो. त्याच कंपनीत त्यानेही फ्रेशरच्या जागेसाठी फोनवर मुलाखत दिली होती, त्याच आठवड्यात.

"मामा, तू सात नाही सांगितलंस?"

"पोर्ट नसतो रे तिथे."

"माहितीय ना. वायरशार्कवर पॅकेट उघडून बघितलंय मी. पण सात सांगायचं असतं. टेलिग्रामवर यादी आहे अख्खी."

तो पुढच्या फेरीत गेला.

तेव्हा ती यादी मिळवा. पुस्तकं रद्दीत घाला.

"इमिजिएट जॉइनर आहात का?" याला हो म्हणा. तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असला तरी हरकत नाही, ऑफर लेटर यायलाही तेवढेच लागतात.

आणि जे कुणी विचारणार नाही, त्याची तयारी तर अजिबात करू नका. म्हणजे हे असलं. रात्री डिस्क शंभर टक्के भरली. डिस्कची जागा सांगणारी 'डीएफ' कमांड म्हणते जागा नाही, फायली मोजणारी 'डीयू' म्हणते निम्मी रिकामी आहे. कुणीतरी चाळीस जीबीची लॉग फाईल उडवलेली असते, पण जावाच्या प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलेली असते. फाईल दिसत नाही आणि जागाही सुटत नाही. उघड्या फायली दाखवणारी 'एलएसओएफ' लावून ती प्रोसेस हुडकायची, जपून रीस्टार्ट करायची, की जागा मोकळी. किंवा जागा ढीगभर आणि तरी मशीन 'नो स्पेस लेफ्ट' म्हणून ओरडतंय, कारण आयनोड, म्हणजे फायलींची नोंद ठेवायच्या जागा, संपलेत. 'डीएफ'ला '-आय' लावून बघितलं की कळतं. या पाच मिनिटांच्या गप्पा. मी आजवर चांगली माणसं घेतली ती याच गप्पांवर. तो आधी काय बघेल, कशाला घाबरेल, काय करण्याआधी फोन उचलून विचारेल, सगळं त्यात कळतं. रेड हॅटच्या परीक्षेतही पर्यायातून उत्तर निवडायचं नसतं. समोर मशीन ठेवतात, काम करून दाखवा म्हणतात, आणि रीबूटनंतर केलेलं टिकलं नाही तर गुण नाहीत. ते सर्टिफिकेट माझ्या सीव्हीत पहिल्या ओळीत आहे. वाचायचं कुणी?

आमच्या गल्लीत कचरागाडीबरोबर एक पोरगा येतो. बादलीत नुसता डोकावतो आणि आईला सांगतो, हे सेल वेगळे द्या, हे प्लास्टिक वेगळं, हे डायपर इथे नाही. गाडीला कप्पे सहा. त्याला शीट लागत नाही. कचरा पारखायला इंदुरात माणूस ठेवलाय आणि माणसं पारखायला एक्सेल!

बास झालं. बाईंवर माझा राग नाही. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, "सर, मी टेक्निकल नाही." राग आहे तो त्यांच्या हातात ती शीट देणाऱ्या टीम लीडवर आणि मॅनेजरवर. अहो, माणूस तुम्हाला हवाय, रात्रपाळी तुमची, सर्व्हर तुमचे, आणि बघायला वीस मिनिटं तुम्हाला नाहीत? मी हे बोलतोय कारण हा घाण प्रकार मीही केलाय. चार वर्षांपूर्वी एचआरने प्रश्न मागितले तेव्हा आमचा डेटाबेस पडला होता. मी नेटवरून वीस प्रश्न उचलले, उत्तरं वाचलीसुद्धा नाहीत, धाडून दिले. त्यात किती 'सात' होते, माझ्यापेक्षा बरी किती माणसं त्याने गाळली, देव जाणे. त्याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटली पाहिजे. आज एचआरकडून ती शीट मागवून घ्या. स्वतः वाचा. चुकीची उत्तरं खोडा. तिसरा रकाना घाला, "उमेदवाराने वेगळं काही सांगितलं तर लिहून घ्यावं, आम्ही बघू." एवढंही जमत नसेल तर रात्री दोनला फोन आल्यावर माणसं मिळत नाहीत म्हणून गळा काढू नका. आणि ज्या पोरांना खरं उत्तर येतं त्यांना पहिल्याच नोकरीच्या दारात खोटं उत्तर द्यायला शिकवू नका.

भाच्याची पुढची फेरी शुक्रवारी आहे. मी विचारलं, तिथेही सात सांगणार का?

पोहे चिवडत म्हणाला, "समोर कोण बसलंय ते बघून ठरवीन, मामा."