टँकरवाल्या ड्रायव्हरला झोपू देणार का नाई?

कुठंबी टँकर पलटी झाला की आपल्याकडं दोनच पोस्टी फिरतेत. एक, ड्रायव्हर पिलेला असंल. दुसरी म्हणजे व्हिडिओ, लोक कॅन अन बादल्या घेऊन पेट्रोल भरायलेत. तो माणूस किती तासांपासून स्टेअरिंगवर व्हता, हे काहून कुणी विचारत नाई?

आमचे दाजी मनमाडच्या पानेवाडी डेपोतून पेट्रोल-डिझेल आणतेत. डेपोवर गाडी लावायची अन नंबर यायची वाट बघत ताटकळायचं. तिथं उन्हात केबिनमधी झोप येती का? मग माल भरून येवला, वैजापूर, संभाजीनगर, गेवराई करत बीडला यायचं आणि पाडळसिंगीचा टोल येईपर्यंत पंपवाल्याचा फोन, "कुठवर आलात?" पैसे खेपेवर असतेत. झोप काढली तर खेप गेली, साधा हिशोब आहे.

आता साध्या ट्रकात डुलकी लागली तर माणूस दचकून स्टेअरिंग ओढतो, नशीब असंल तर गाडी सरळ व्हती. टँकरमधी तोच झटका नडतो. गॅसचा टँकर कधीच काठोकाठ भरत नाईत, वर जागा सोडावीच लागती, नाईतर उन्हानं आतला गॅस फुगला तर जाणार कुठं? पण जागा आहे म्हणजे माल हलणारच. स्टेअरिंग एका बाजूला गेलं की आतला माल दुसऱ्या बाजूला धावतो, गाडीचा तोल आधीच उंचावर असतो, मग तिला कोण धरणार. मांजरसुंब्याच्या घाटात लोडेड टँकरच्या मागं चाला एकदा, किती जपून वळतेत ते कळंल. (आपण मात्र मागून हॉर्न वाजवत बसतो.)

कायदा नाई असं नाई. मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा व्हता, साधारण दिवसाला आठ अन आठवड्याला ४८ तास काम; २०२५ ला तो नव्या कामगार संहितेत गेला. धोकादायक मालाच्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग अन लायसनवर वेगळी नोंद लागती. ट्रेनिंग चांगलंच आहे, पण ट्रेनिंगनं झोप भरून निघत नाई ना भाऊ.

आणि आपलं काय? टँकरवर पाटी असती, पेट्रोल असंल तर तिच्यावर १२०३ नंबर अन फायर ब्रिगेडसाठी एक कोड. कोडच्या शेवटी 'ई' असला तर माणसं लांब हलवायचा विचार करा असा त्याचा अर्थ, आणि पेट्रोलच्या कोडात तो 'ई' असतो. आपण तिथंच बादली घेऊन पळतो! २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ असंच पेट्रोल भरायला गर्दी झाली, भडका उडाला अन दोनशेच्या वर माणसं गेली. संभाजीनगरात फेब्रुवारी २०२४ मधी सिडकोजवळ फ्लायओव्हरच्या डिव्हायडरला धडकून गॅसचा टँकर गळाला, तेव्हा आजूबाजूची लाइट बंद केली, लोकांना गॅस पेटवू नका म्हणून सांगितलं. एलपीजी हवेपेक्षा जड, वर उडून जात नाई, नालीत अन खड्ड्यात जाऊन बसतो. लांबून बघतो म्हणणाऱ्यानंबी हे ध्यानात ठेवावं.

जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या कायद्यावरून ह्याच ड्रायव्हर लोकांनी स्टेअरिंग सोडलं तर आपल्याकडं पंपावर रांगा लागल्या व्हत्या. तवा सगळ्यांना टँकरवाला आठवला. दोन दिवसांनी पेट्रोल मिळालं, विषय संपला.

माझं म्हणणं एवढंच, मालकांनी लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्यावा, नाईतर मुक्कामाचे पैसे धरून भाडं ठरवावं. पंपवाल्यांनी माल उद्या सकाळी आला तरी चालंल असा साठा ठेवून ऑर्डर टाकावी, टाकीत खडखडाट झाल्यावर नाई. आता कमेंटमधी कुणीतरी म्हणणारच, ड्रायव्हर दारू पितेत. पितेत काई जण, त्यांना खुशाल कामावरून काढा. पण जे पीत नाईत अन दोन रात्री जागे आहेत, त्यांचं काय करणार ते लिहा आधी.