देश नव्हता तेव्हाच त्याचा वाङ्मयेतिहास छापून झाला होता

जर्मन कवी गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणे. जर्मन साहित्याशी आपली ओळख बहुधा इथेच सुरू होते आणि इथेच संपते. (नाचण्याचं सोडा, पण १७९१ साली त्याने शाकुंतलावर चार ओळींची स्तुती लिहिली, हे खरं.) पुण्यात जर्मन शिकले तेव्हा मीही त्याच्या फार पुढे गेले नव्हते. नंतर जर्मन वाङ्मयेतिहासांच्या नादी लागले आणि आता कवितांपेक्षा त्यांच्या इतिहासकारांचंच वेड जास्त आहे.

सुरुवातच बघा. १७८० साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश जर्मन साहित्यावर पुस्तिका लिहितो, तीही फ्रेंचमध्ये! जर्मन भाषा ओबडधोबड, तिच्यात अजून धड काही लिहिलं गेलेलं नाही, असा एकूण सूर. गटेची ‘व्हेर्टर’ ही कादंबरी येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण महाराजांना गटेचं आठवलं ते एक नाटक, शेक्सपिअरची वाईट नक्कल म्हणून. मग एकाने मध्ययुगीन जर्मन काव्यं छापून त्यांना पाठवली, तर १७८४ साली उत्तर आलं की यांची किंमत बंदुकीच्या एका बाराला लागणाऱ्या दारूइतकीही नाही. त्याच काव्यांमधलं ‘निबेलुंगेनलीड’ पुढच्या शतकात जर्मनांचं राष्ट्रीय महाकाव्य ठरलं. पोथी तीच, वाचणारे बदलले.

माझा लाडका माणूस गेर्विनुस. दुकानात उमेदवारी करून मग विद्यापीठात गेलेला. १८३५ ते १८४२ मध्ये त्याने जर्मनांच्या ‘राष्ट्रीय’ काव्यसाहित्याचा पाच खंडी इतिहास लिहिला. राष्ट्र कुठे होतं? तीन डझनांहून जास्त संस्थानं होती, प्रत्येकाची सेन्सॉरशिप वेगळी. गेर्विनुसचं म्हणणं असं की गटे आणि शिलर झाले, काव्याचं काम संपलं. आता जर्मनांनी कविता पुरे करून राजकारणाला लागावं. साहित्याचा इतिहास लिहिणाराच साहित्याला निवृत्त करतोय! आणि हे नुसतं कागदावर नाही. १८३७ साली हॅनोवरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्योटिंगेनच्या ज्या सात प्राध्यापकांनी निषेध केला त्यांत हा होता, परीकथांवाले ग्रिम बंधूही होते. सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या. गेर्विनुस, याकोब ग्रिम आणि डालमान यांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं. एवढं होऊनही पुढचे खंड लिहून झाले, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच्यानंतर शेरर. १८८०च्या दशकात याने हिशोब मांडला की जर्मन साहित्य दर सहाशे वर्षांनी शिखर गाठतं: इ.स. ६००, १२००, १८००. मांडणी सुरेख, फक्त पहिल्या शिखरावरच्या काव्याची एक ओळही शिल्लक नाही. म्हणजे पुढचं शिखर २४०० साली, तोवर लिहिणाऱ्यांनी काय करायचं?

योझेफ नाडलरवर मात्र मला हसता येत नाही. १९१२ पासून त्याने जमाती आणि प्रदेश धरून इतिहास लिहिला: बव्हेरियन, श्वाबियन, फ्रँक वगैरे. बर्लिनच्या प्रोटेस्टंट चष्म्यातून न दिसणारी ऑस्ट्रिया-बव्हेरियाची कॅथलिक, भपकेबाज बरोक रंगभूमी त्याला दिसली, आणि होफमान्सथालसारखा कवी त्यावर खूश होता. पण ज्या हिशोबाने कवी मातीला आणि रक्ताला बांधला, त्याच हिशोबाने कोणाला ‘उपरा’ म्हणणंही सोपं झालं. १९३८ नंतरच्या आवृत्तीत ग्रंथाचं नावच ‘जर्मन लोकांचा साहित्येतिहास’ असं झालं आणि मजकूर नाझी राजवटीला शोभेसा. ज्यू घरात जन्मलेला कवी हाइने, त्याची पुस्तकं तर १९३३ सालीच बर्लिनच्या चौकात जळाली होती. अशा कपाटात जर्मनमध्ये लिहिणारा प्रागचा ज्यू लेखक काफ्का कुठे ठेवणार? चेर्नोविट्सला जन्मलेला, पॅरिसमध्ये वारलेला ज्यू कवी पाउल सेलान कुठे?

युद्धानंतर बरीच वर्षं जर्मन साहित्य शिकवणारी प्राध्यापक मंडळी आपल्याच नाझी काळातल्या भूतकाळाबद्दल गप्प होती. १९६६ साली म्युनिकच्या अधिवेशनात तरुण प्राध्यापकांनी तो विषय उघडपणे काढला. मग दोन जर्मनींचे दोन इतिहास. २००४ साली हार्वर्डहून जो ग्रंथ आला त्याने सलग गोष्टच सोडली; एकेका तारखेवर एकेक निबंध, अशी सुमारे दोनशे टिपणं. वाचायला मजा येते, पण मला ती थोडी पळवाट वाटते. ज्याला गोष्टच सांगायची नाही, त्याच्याशी भांडायचं कसं?

गेर्विनुसशी भांडता येतं. राजकारणाला लागा म्हणाला आणि स्वतः १८४८ साली फ्रँकफुर्टला भरलेल्या अखिल जर्मन संसदेत जाऊन बसला, हिरमुसून परतला. पुढे लोकशाहीची बाजू घेणाऱ्या एका पुस्तिकेपायी त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, हायडेलबर्गमधला शिकवण्याचा हक्क गेला. जानेवारी १८७१ मध्ये व्हर्सायला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, म्हणजे ज्याच्यासाठी त्याने कवींना रजा दिली होती ते एकदाचं घडलं. त्याला ते पसंत नव्हतं: प्रशियाने तलवारीच्या जोरावर घडवलेली ही एकी त्याला नको होती. मार्चमध्ये तो हायडेलबर्गला वारला.