‘काईच वाटत नाई’ याचा अर्थ

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. आमच्या शाळेतून शिकून गेलेला आणि आता घरची पाच एकर कोरडवाहू कपाशी सांभाळणारा एक मुलगा मागील महिन्यात भेटायला आला. फारसे न बोलता त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. रात्री दोन वाजता त्याने एका चॅटबॉटला लिहिले होते, “जीव लागत नाई कशातच. आता काईच वाटत नाई.” त्यावर शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर आले होते : नियमित व्यायाम करावा, संतुलित आहार घ्यावा, मित्रांशी संवाद साधावा. आमच्याकडे कर्जाची, पिकाची काळजी बोलून दाखवणारा माणूस एकदम ‘काईच वाटत नाई’ म्हणू लागला, तर तो जिवाचे काही बरेवाईट तर करणार नाही ना, या भीतीने जाणत्या माणसाच्या काळजात धस्स होते. यंत्राला तो शब्द कळलाच नाही.

तरीही, जे त्याने वडिलांना सांगितले नाही, बायकोला सांगितले नाही, ते तिथे लिहिले, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसतो, आणि जिल्ह्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, शिवाय एसटीत कोणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे, हा प्रश्न असतोच. अशा वेळी कोणी नावे ठेवणार नाही अशी बोलण्याची जागा हवीच. (घरात एकच मोबाइल असला की बाईला तीही जागा मिळत नाही, हे विसरू नये.)

पण माणूस उपचारापर्यंत कसा पोहोचतो, हे आपल्या विदर्भानेच दाखवून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणून चॅटबॉट आला, आता समुपदेशकाचे पद कशाला भरायचे, असा हिशेब कोणी मांडू लागले तर त्याला माझा स्पष्ट विरोध राहील. फवारणीचे औषध आमच्या घरांत धान्याच्या कोठीशेजारीच ठेवलेले असते, आणि वाईट क्षणी तो डबा हातातून काढून घ्यायला माणूसच लागतो.

त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसूनच आम्ही १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक लावला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. पुढच्या सोमवारी त्याच्यासोबत मी जिल्हा रुग्णालयात गेलो. चॅटबॉट बनवणाऱ्यांनी आमची बोलण्यातली वऱ्हाडी त्याला ऐकून समजायला शिकवावी, कारण लिहायला न जमणारे पुष्कळ आहेत. आणि रात्री दोन वाजता कोणी ‘काईच वाटत नाई’ म्हटले, तर व्यायाम सांगण्याआधी त्याने १४४१६ लावून द्यावा आणि विचारावे, “दादा, फवारनीचं औषध घरातच हाय काय? जवळ कोन हाय तुमच्या?”