‘ईव्ही घाटात दम टाकते’ वाल्या मेसेजला उत्तर, एकेक मुद्दा घेऊन

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो मेसेज टाकला, तुमच्याकडेही फिरून आला असेलच. वर "इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनो सावधान" आणि खाली सहा मुद्दे: घाटात लोड घेत नाही, ट्रॅफिकमध्ये एसी लावून अडकलात तर तीन तासात बॅटरी झोपते, पावसात शॉक बसतो, पाच वर्षांत बॅटरी बदलायला गाडीच्या निम्मे पैसे, वीज कोळशाचीच मग पर्यावरण कसलं, आणि शेवटी, म्हणून हायब्रिड घ्या, चार्जिंगची कटकटच नाही. काका खरंच गाडी घ्यायच्या विचारात आहेत म्हणून मी हे सविस्तर लिहितोय. मी साडेचार वर्षं ईव्ही चालवतोय, ३० किलोवॉट-अवर म्हणजे सोप्या भाषेत ३० युनिटची बॅटरी, ६८ हजार किलोमीटर झालेत, आणि दाजींकडे स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनच्या जोडीला मोटर आणि छोटी बॅटरी, थोडं अंतर नुसत्या मोटरवरही जाते) आहे जी मी बऱ्याचदा चालवलीये, तेव्हा दोन्हीकडचं बघून बोलतोय.

पहिला घाट, आणि यावर जरा जास्त लिहितो कारण इथे मेसेजने सगळं उलटं सांगितलंय. पेट्रोल इंजिनला जोर यायला आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वाढावे लागतात, मोटरचं तसं नाही, ती शून्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते. बोरघाटात कंटेनरच्या मागे चढावर थांबून परत गाडी उचलायची म्हणजे काय असतं ते हाफ क्लचचा जळका वास घेतलेल्या प्रत्येकाला माहितीये, ईव्हीत तिथे नुसता पाय ठेवायचा, गाडी मागे न सरकता निघते. एसटीची ई-शिवनेरी २०२३ पासून पुणे-मुंबई रोज हाच घाट चढते, चाळीसेक माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन.

हां, बॅटरी जास्त जाते हे खरं, पण किती ते बघा ना. खोपोलीपासून लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर वर. माणसं धरून १७०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला शाळेतल्या फिजिक्सच्या हिशोबाने अडीच युनिट लागतात, मोटरमध्ये थोडी वाया जाते ती धरून पावणेतीन, आणि तेवढं अंतर जायला जे लागतं ते वेगळं. माझ्या गाडीत खोपोलीला ६१ टक्के असतील तर लोणावळ्यात ४६ दिसतात. उतरताना मात्र रीजेन (गाडीचा वेग रोखत बॅटरी भरणारी सोय) लावला की मोटर जनरेटरसारखी चालते, ब्रेकला पाय फार लावावा लागत नाही, आणि खाली खोपोलीत येईपर्यंत आकडा एक-दोन टक्के वाढलेला असतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आईला दाखवायला मी गाडी बाजूला घेतली होती.

आता हेच हायब्रिडमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच स्ट्राँग हायब्रिड एसयूव्हींची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची असते. म्हणजे चढताना ती अर्ध्या वाटेतच रिकामी, पुढे सगळा भार छोट्या पेट्रोल इंजिनवर, आणि ते मग ओरडतं. उतरताना उलटं, अडीच युनिटची उतरण आणि ठेवायला पाऊण युनिटची जागा, बॅटरी फुल झाली की बाकीची ऊर्जा इंजिन ब्रेकिंगमध्ये आणि ब्रेकच्या गरमीत गेली. हायब्रिड वाईट गाडी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती शहरातल्या चालू-बंद ट्रॅफिकसाठी बनलीये आणि तिथे तिला तोड नाही, पण घाटाचं कारण देऊन ईव्हीऐवजी हायब्रिड घ्या म्हणणं साफ चूक.

ट्रॅफिक जामचं तर सरळ गणित आहे. उभ्या गाडीत एसीला साधारण एक ते दीड युनिट ताशी लागतं, मोटर थांबलेली, ती काही खात नाही. माझी जुनी छोटी बॅटरी अर्धी जरी असली तरी १५ युनिट, म्हणजे दहा तास. आताच्या गाड्यांत ४५, ५९, ७९ युनिटच्या बॅटऱ्या येतात. तीन तासात झोपायला गाडी आधीच १० टक्क्यांवर हवी, आणि तसं तर पेट्रोलचा काटा लाल पट्टीवर असताना पण अडकता येतंच की.

पाऊस आणि शॉक. बहुतेक सगळ्या कंपन्यांचे बॅटरी पॅक आयपी ६७ चे असतात, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतील असे तपासलेले, आणि हाय व्होल्टेजची लाइन गाडीच्या बॉडीला जोडलेलीच नसते, कुठे गळती दिसली की सिस्टीम सप्लाय तोडते. तरीपण तुंबलेल्या सबवेत कुठलीच गाडी घालू नका, आणि ईव्ही पाण्यात बुडाली असेल तर ती स्टार्ट न करता उचलून न्यायची, एवढं लक्षात ठेवा.

आगीचा फोटोही मेसेजसोबत होता, स्कूटरचा. त्या घटना खऱ्या आहेत, मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या स्कूटर जळाल्या, लोकांची भीती उगाच नव्हती. त्यानंतरच बॅटरी टेस्टिंगचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत लागू झाले. २०२२ चा फोटो आज टाकायचा आणि मधलं सगळं गाळायचं, हे मला पटत नाही.

बॅटरी पाच वर्षांत जाते हा मुद्दा लोकांना मोबाइलमुळे खरा वाटतो. पण मोबाइल आपण रोज शून्य ते शंभर करतो, त्याला कूलिंग नाही. गाडीच्या बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. माझी गाडी एका फुल चार्जमध्ये २०० किलोमीटर जाते असं धरा (कागदावर तीनशेच्या वर होतं, तो आकडा मी पहिल्याच महिन्यात विसरलो), तर १ लाख ६० हजार किलोमीटर म्हणजे फक्त ८०० फुल चार्ज. आज साडेचार वर्षांनी मला त्याच रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर कमी मिळतात, बस. वॉरंटीनंतर खर्च मोठा येऊ शकतो हे मान्य, म्हणून सेकंडहॅंड घेताना बॅटरीची हेल्थ रिपोर्ट मागितल्याशिवाय टोकन देऊ नका.

कोळसा. इथे मेसेजला थोडे मार्क द्यावे लागतील. आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशाच्या वीज जाळ्यात, एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगमधलं नुकसान धरून युनिटला सहा किलोमीटर पकडले तर किलोमीटरला ११७ ग्रॅम. लिटरभर पेट्रोल जाळलं की २.३ किलो, पंधराच्या अॅव्हरेजने १५३ ग्रॅम, आणि बावीस देणारी हायब्रिड १०५. म्हणजे आजच्या विजेवर हायब्रिड ईव्हीच्या बरोबरीला आहे, पेट्रोल रिफाइन करायची आणि बॅटरी बनवायची ऊर्जा दोन्हीकडे यात धरलेली नाही. पण पेट्रोल दहा वर्षांनी पण तेवढंच जळणार, ग्रिडवर मात्र सोलर दरवर्षी वाढतंय, तीच गाडी पुढे आपोआप स्वच्छ होत जाते. आणि सिग्नलला बाइकवर मागे बसलेल्या पोराच्या तोंडावर धूर जात नाही हे मला तरी आजच मोठं वाटतं.

आता मेसेजमध्ये जे नाहीच आणि असायला हवं होतं ते. एक, शोरूममध्ये माइल्ड हायब्रिडला पण नुसतं हायब्रिड म्हणून विकतात, तिच्यात मोटर इंजिनला हात देते, एकटी गाडी पळवू शकत नाही, तिच्याकडून बावीसच्या अॅव्हरेजची अपेक्षा करू नका. दोन, हायवे. ईव्हीचं पेट्रोलच्या उलट असतं, गावात रेंज वाढते आणि हायवेला घटते, ८५ ऐवजी ११० ने गेलात की हवेचा विरोध बॅटरी खातो. तीन, चार्जर. मागच्या मे महिन्यात कोल्हापूरहून येताना सातारच्या अलीकडे ॲप चार्जर चालू दाखवत होतं, गेलो तर स्क्रीन काळी, हेल्पलाइनवाला म्हणे रिस्टार्ट करतो, चाळीस मिनिटं गेली. गाडीत १४ टक्के, मागे झोपलेली मुलगी, एसी बंद करून पन्नासच्या स्पीडने पुढच्या चार्जरपर्यंत आलो. घाटाने आणि पावसाने मला कधी घाबरवलं नाही, त्या काळ्या स्क्रीनने घाबरवलं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्किंगमधला प्लग. घरी चार्ज केलं तर युनिट १२ रुपये धरून किलोमीटरला दोन रुपये पडतात, बाहेर फास्ट चार्जरवर युनिट वीस-बावीस, म्हणजे साडेतीन. हायब्रिडला पेट्रोल १०४ धरून पावणेपाच. म्हणजे रोज बाहेरच चार्ज करायचं असेल तर फरक किलोमीटरला सव्वा रुपया उरतो आणि वर आठवड्यातून दोनदा तासभर चार्जरपाशी बसायचं. मी सोसायटीत माझ्या मीटरवरून १५ अँपिअरचं सॉकेट पार्किंगमध्ये घेतलं, एनओसीसाठी तीन मिटिंगा गेल्या, पण त्यानंतर रात्री लावायचं आणि सकाळी काढायचं, बाकी काही बघावं लागत नाही.

काका, तुम्ही वाड्यात राहता, गाडी रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे लावता, कधी गल्लीच्या या टोकाला कधी त्या. रोजचं फिरणं दुकान ते घर, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून. तिथे वायर कुठून आणणार? तुम्ही स्ट्राँग हायब्रिडच घ्या, माइल्ड नको, मी येतो बरोबर शोरूमला. फक्त तो मेसेज ग्रुपवर परत टाकू नका, कारण नीताताईंच्या बंगल्यात पोर्च आहे, थ्री फेज आहे, त्यांचं रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर, आणि घाटाच्या भीतीने त्यांनी बुकिंग कॅन्सल करायचं काढलंय.