बांडगूळ नव्हे, सीतेची वेणी आहे ती!

आंबे उतरून झाले की आमच्याकडे झाडांची साफसफाई निघते. गेल्या आठवड्यात काकांनी परड्यातल्या जुन्या रायवळावर गडी चढवला. मी पोचेपर्यंत खाली ढीग पडला होता, आणि त्यात बांडगुळाबरोबर सीतेच्या वेणीचे, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या एका आमरीचे (ऑर्किडचे) चार ठोंब! एकाला अजून तुरा लोंबत होता, पांढरा, जांभळट ठिपक्यांचा. काका म्हणाले, "ह्या पण बांडगूळच मां गो!"

काकांचा राग नाही आला, पण पोटात तुटलं. हा समज घरोघरी आहे. म्हणून सांगते, दोन्ही हातात घेऊन बघा. बांडगूळ फांदीत घुसतं, तिथे फांदी गाठीसारखी फुगते आणि झाडाचं पाणी ते ओढून घेतं. ते काढलंच पाहिजे. आमरीची मुळं मात्र सालीच्या आत जातच नाहीत. जाड, पांढरट, दोरीसारखी, सालीला नुसती धरून बसलेली. पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवट होतात, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं. पाऊस, दव, सालीच्या खाचेतला कुजका पाला, एवढ्यावर तिचा संसार. आंब्याचं ती काहीच खात नाही.

आणि असा एक ठोंब उभा राहायला काय काय जुळून यावं लागतं! बोंडात हजारो बिया, पण धुळीसारख्या, सोबत शिदोरी नसलेल्या. योग्य ती बुरशी भेटली तरच बी रुजते, मग फुलायला कित्येक वर्षं. आसामचं हे राज्यफूल; बिहूला तिथल्या मुली केसांत माळतात. आपण कोयत्याने उडवतो. नाहीतर रस्त्याकडेला विकायला दिसलं की घरी नेऊन कुंडीतल्या मातीत पुरतो, आणि मुळं कुजतात. कृपा करून जंगलातली आमरी विकत घेऊ नका. गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती ओरबाडली जाते. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्या.

आता पावसात फांद्या मोडतील. पडलेल्या फांदीवर आमरी दिसली तर तिथल्याच खरबरीत सालीच्या जुन्या झाडाला, ऊन-सावलीत, सुती चिंधीने बांधा. माती नको, शेणखत नको.

आमचे चारही ठोंब त्याच रायवळाच्या बेचक्यात परत बांधलेत. चिंध्या काकूच्या जुन्या लुगड्याच्या, गाठी काकांनी मारल्या. तीन तग धरतील असं वाटतंय, चौथ्याची मुळं फारच तुटलीत. पुढच्या वर्षी गडी चढवण्याआधी मला फोन करायचं काकांनी कबूल केलंय.