समोर दीर्घिका, आडवी तूर

रब्बीत आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईन रात्रीच येते, त्यामुळे हरभऱ्याच्या ओलितासाठी काकासोबत धुऱ्यावर कुडकुडत बसावं लागतं, अन् खरं सांगू, रानडुकरं परवडली पण काकाची उलटतपासणी नको. मी फिजिक्सवाला, म्हणजे आभाळाचा सगळा हिशोब माझ्याकडेच.

परवा मोबाईलवर त्याला एसपीटी०४१८-४७ नावाच्या दीर्घिकेचा (म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड समूह) फोटो दाखवला. तिचा प्रकाश १२०० कोटी वर्षं चालून आलाय, मधात नेमकी दुसरी दीर्घिका उभी, तिच्या गुरुत्वाकर्षणानं तो वाकतो अन् मागचीचं सोन्याच्या कड्यासारखं गोल कडं दिसतं, मोठं अन् उजळ. अन् ती स्वतःभोवती फिरते, हेही सांगून टाकलं.

"अन् थे फिरते म्हनतं? पायलं कोनं?"

मग सांगत बसलो. चिलीच्या अटाकामा वाळवंटात आल्मा नावाच्या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ अँटेना आहेत, त्या तिच्यातल्या कार्बनची एक ठराविक तरंगलांबी पकडतात, विश्व पसरल्यानं ती आधीच ताणलेली असते, पण त्यातही जी बाजू आपल्याकडे येते तिची जराशी आखूड अन् जी दूर जाते तिची जराशी लांब भरते, त्या फरकावरून वेग.

"पन फोटोच वाकडा हाय ना बे!"

(हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नव्हता.) म्हटलं, कॉम्प्युटरवर समोरचीचं वस्तुमान धरायचं, मागची कशी असेल ते मांडायचं, वाकवून पाहायचं, खऱ्या कड्याशी जुळेपर्यंत बदलत राहायचं. त्यातून २०२० मध्ये कळलं की विश्व जेमतेम १४० कोटी वर्षांचं असताना ही बाई शिस्तीत गोल फिरत होती, जिथं सगळ्यांना गोंधळ अपेक्षित होता.

"शेजारी नसन तिले," काका म्हणाला.

झालं, गाडी धुऱ्यावर आली. शेजारचा दरवर्षी नांगराचं एक तास आमच्या वावरात सरकतो, काकानं सरकारी जमीन मोजणीचा अर्ज टाकलाय, मोजणीवाले आले अन् उभं पीक पाहून वापस गेले.

"म्हंजे समोर अख्खी दीर्घिका उभी असून मांगची मोजता येते, अन् यायले तूर आडवी येते?"

मी गुरुत्वाकर्षण, तरंगलांबी, सगळं पुन्हा काढलं, पण काकाचं डोकं भलतीकडेच.

"त्या चिलीवाल्यायचा नंबर घेऊन ठेव. द्रुतगती मोजणीची फी भरतो म्हना."