‘जाड पाइप, जाड वेल्ड’ एवढ्यावर सस्पेन्शन लिंक बनत नाही

ऑफरोडिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: कंपनीच्या लिंका (ॲक्सलला गाडीच्या चौकटीशी जोडणारे दांडे) नाजूक असतात, म्हणून सी क्लासचा जाड पाइप आणा, लेथवर ईएन-८ पोलादाचे आटेवाले तुकडे करून टोकांना बसवा, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून भरभक्कम वेल्ड मारून घ्या, रबरी बुश काढून रॉड एंड (धातूच्या गोळ्यावर फिरणारा कडक सांधा) लावा, जन्मात तुटणार नाही. स्वतः लिंक बनवायला माझा अजिबात विरोध नाही. पण या कृतीने बनवलेली लिंक खडकावर टिकते आणि परतीच्या वाटेवर, ताशी ८० च्या वेगात दगा देऊ शकते. म्हणून हे एकेक करून तपासायला हवं.

आधी पाइप. सी क्लास म्हणजे आयएस १२३९ या भारतीय मानकातला लाल पट्टीचा जड पाइप. तो पाणी, हवा, वाफ वाहून नेण्यासाठी असतो. यंत्रभागांसाठी सीडीडब्ल्यू (वेल्ड करून ओढलेली) किंवा सीडीएस (बिनजोड) नळी मिळते. ती थंड अवस्थेत ओढलेली, मापाला नेमकी आणि वाकायला जास्त चिवट असते. शिवाय फक्त जाडी वाढवून फार काही साधत नाही. बाहेरून ३८ मिमी व्यासाची ६ मिमी जाड नळी आणि ५० मिमी व्यासाची ४.२ मिमी जाड नळी यांचं वजन जवळपास सारखं भरतं. पण दुसरीचा ताठपणा पहिलीच्या दुप्पट आणि वाकण्याला विरोध दीडपट असतो. खालच्या लिंकवर दगड आपटतात, म्हणून भिंत फार पातळ नको, हे खरं. तरीही जागा असेल तिथे आधी व्यास वाढवावा.

आता वेल्ड. लिंक बहुधा नळीच्या मधोमध तुटत नाही, वेल्डची कड जिथे धातूला भिडते तिथून तडकते. दर खड्ड्यागणिक तिथे ताण येतो-जातो आणि सूक्ष्म चीर पुढे सरकत राहते. त्या कडेची थकव्याला तोंड देण्याची ताकद महागडं पोलाद वापरून फारशी वाढत नाही. ती वाढते नीट बसवलेल्या सांध्याने. नळीचं तोंड बुशच्या गोलाईला चिकटून बसेल असं कापलेलं हवं आणि कडेला अंडरकट, म्हणजे वेल्डलगत खाल्ली गेलेली खाच, नको. फट राहिली म्हणून आत सळईचा तुकडा कोंबून वरून वेल्डची जाड रन (पट्टी) ओढली, की बाहेरून सुबक दिसणारा सांधा आत पोकळ राहतो. रनवर रन चढवली की उष्णता वाढते आणि नळी वाकडी होते. मग ‘फिनिशिंग’साठी ग्राइंडर फिरवून कोपऱ्यातली वेल्ड सपाट केली, तर भार पेलणारा धातूच उडतो.

या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग मला ईएन-८ वाटतो. शाफ्टसाठी ते उत्तम पोलाद आहे, पण त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. थंड तुकड्यावर वेल्ड मारली, की आजूबाजूचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्यात गेट-ग्रिलला वापरतात तो ६०१३ वेल्डिंग रॉड असेल, तर हायड्रोजनही आत शिरतो. तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो. तोवर लिंक रंगवून गाडीला चढलेली असते. त्यापेक्षा तुकडे कमी कार्बनच्या पोलादाचे करा. ईएन-८ च घ्यायचं असेल तर आधी प्रीहीट (तुकडा तापवून घेणं), ओव्हनमध्ये वाळवलेला कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड आणि नंतर सावकाश थंड करणं, यात सूट नाही.

रॉड एंड सरळ ओढ आणि दाब सोसतो, आडवं वाकणं सोसत नाही. त्याचे आटे निदान व्यासाच्या दीडपट आत गेलेले असावेत आणि लॉकनट घट्ट हवा. मारुती जिम्नीच्या पुढच्या बाजूला तर प्रश्न आणखी मोठा आहे. तिथला प्रत्येक रेडियस आर्म, म्हणजे पुढची लिंक, ॲक्सलला दोन ठिकाणी धरतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ॲक्सलला पीळ बसतो, तो तिथलं रबर दबून सामावून घेतं. तिथे कडक सांधे लावले, तर तोच पीळ आर्म आणि ॲक्सलवरच्या ब्रॅकेटवर जातो. मग वेल्ड कितीही चांगली असो, ब्रॅकेट फाटू शकतं आणि ॲक्सल फिरला तर ब्रेकचा पाइपही ओढला जातो.

कायद्याचंही पाहा. कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा.

लिंक करून घेतलीच, तर वेल्डनंतर दोन दिवस थांबून डीपी टेस्ट (चिरांत रंगीत द्रव मुरवून त्या दाखवणारी तपासणी) करून घ्या. ती फक्त पृष्ठभागावरच्या चिरा दाखवते, पण कडेची चीर तिथेच सुरू होते. जाड काळं पावडर कोटिंग टाळा, फिकट रंगाचा पातळ हात द्या, आणि प्रत्येक ट्रेलनंतर चिखल धुऊन वेल्डच्या कडेने गंजाची बारीक रेघ उमटली आहे का ते बघा. रेघ दिसली तर त्यावरून पुन्हा रन मारू नका, लिंक बदला.